'पंचतारांकित' ताप

"सध्या कुठं असतेस गं?"
"पंचतारांकितमध्ये!"

हे उत्तर दिलं की पुण्यातल्या मैत्रिणींच्या डोळ्यांसमोर झुंबरं आणि बुफे येतो. मग खुलासा करावा लागतो, की बाई गं, कागलची पंचतारांकित एमआयडीसी! कागल आणि हातकणंगले तालुक्यांत पसरलेली औद्योगिक वसाहत. इथं चेक-इन करायला सेफ्टी शूज लागतात आणि वेलकम ड्रिंक म्हणजे गेटसमोरच्या टपरीवरचा कटिंग.

मी इथल्या एका फाउंड्रीत मेथडिंग बघते. म्हणजे साच्यात लोखंड ओतायच्या आधी ते कसं भरेल, कुठून आधी थंड होईल, कुठं शेवटपर्यंत गरम राहील, याचं सिम्युलेशन कॉम्प्युटरवर करायचं. जो भाग सगळ्यात शेवटी गोठतो तो हॉट स्पॉट. तिथं आत पोकळी राहते, आणि पोकळी राहिली की जॉब रिजेक्ट. थोडक्यात, उष्णता कुठून बाहेर पडणार हे आधीच सांगण्याचा मला पगार मिळतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं माझी फजिती आहे.

एका कस्टमरचे दोन लॉट आधीच परत आले होते. तिसरा गेला असता तर ऑर्डरही गेली असती. शनिवारी नवीन सँपल ओतायचं ठरलं आणि गुरुवारी दुपारी मी सिम्युलेशन लावलं. सात तासांचं काम. वीस मिनिटांत स्क्रीन काळा!

पुन्हा लावलं, पुन्हा काळा. एक्सेल उघडा, मेल बघा, काही त्रास नाही. सिम्युलेशन सुरू केलं की पंखा किंचाळायला लागतो आणि थोड्या वेळानं पीसी राम म्हणतो. मी आधी व्होल्टेजला शिव्या घातल्या, मग व्हायरसला, मग सॉफ्टवेअरवाल्यांना. एसी अठरावर नेला. आम्ही सगळे शाल घ्यायच्या बेतात, कॉम्प्युटर मात्र जसाच्या तसा. फोनवरच्या हार्डवेअरवाल्यानं तपासायच्या आधीच निदान केलं, "मॅडम, मशीन जुनं झालंय. नवीनच घ्या." साहेबांना हे सांगायची माझी हिंमत नव्हती.

शेवटी 'कोअर टेम्प' नावाचं छोटं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. ते प्रोसेसरचं तापमान दाखवतं. नुसतं बसून असताना ५८ डिग्री. सिम्युलेशन सुरू केलं आणि दोन मिनिटांत शंभर! बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरना साधारण शंभरच्या आसपास लक्ष्मणरेषा असते. तिथं पोचले की ते स्वतःच वेग कमी करतात. तरीही ताप चढतच राहिला तर जीव वाचवायला थेट बंद पडतात. म्हणजे माझा पीसी मरत नव्हता, मरू नये म्हणून झोपत होता.

ही सोय पूर्वी सगळ्यांकडे नव्हती बरं का. २००१ साली 'टॉम्स हार्डवेअर' या साइटनं चालू कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवरचा हीटसिंकच काढून दाखवला होता. पेंटियम ४ मंदावला, पण तगला. एएमडीच्या अ‍ॅथलॉनमधून मात्र बघता बघता धूर! आपल्या कोल्हापुरी भाषेत, जाळ अन् धूर संगटच.

तोंड पाडून बसले होते, तेवढ्यात मेंटेनन्सचे मामा आले. मामांची उमेदवारी उद्यमनगरात ऑइल इंजिनं खोलण्यात गेलेली.

"काय झालं मॅडम?"
"मामा, कोअर तापतायत."
"कुठल्या जॉबचं?"

मामांच्या जगात कोअर म्हणजे वाळूचा. कॉम्प्युटरला पण कोअर असतात हे सांगितल्यावर ते मनापासून हसले. मग म्हणाले, "इंजान तापलं की इंजानाला शिव्या घालायच्या न्हाईत पोरी. पाणी कुठं तुंबलंय ते बघायचं."

टेबलाच्या लाकडी कप्प्यातून कॅबिनेट ओढून काढलं. पहिला गुन्हा तिथंच सापडला. मागून गरम हवा बाहेर पडायला वाटच नव्हती. तीच हवा आत फिरत होती, मग एसी बिचारा काय करणार? झाकण काढलं तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये काळी गादी! फेटलिंगच्या लोखंडी भुकटीची धूळ ऑफिसपर्यंत येते, हे मला कपड्यांवरून माहीत होतं. पीसीच्याही छातीत बसते हे सुचलंच नव्हतं. एक उत्साही ट्रेनी कंप्रेसरचा पाइप घेऊन धावला. मामांनी त्याला दारातच अडवलं. लाइनमध्ये पाणी आणि तेल असतं, ते बोर्डवर उडालं तर खेळ खल्लास. मऊ ब्रश घेतला, पंखा बोटानं धरून ठेवला आणि धूळ काढली.

पण खरा चोर वेगळाच निघाला. हीटसिंक चार कोपऱ्यांतल्या प्लास्टिकच्या खुंट्यांनी बोर्डला धरलेला असतो. त्यातली एक सुटलेली! शिरोलीहून ऑफिस इकडं हलवलं तेव्हा हा पीसी टेम्पोतून आला होता. तेव्हापासून हीटसिंक केसभर तिरका बसला असणार, आणि मधली पेस्ट वाळून खडूसारखी झालेली.

"हितं हवा अडकलीया," मामा म्हणाले.

मी कपाळावर हात मारला. साच्यात धातू आकसला की त्याच्या आणि साच्याच्या मध्ये हवेची फट पडते आणि उष्णता बाहेर पडणं मंदावतं. हे मी रोज सॉफ्टवेअरमध्ये भरते! तांब्यातून उष्णता हवेपेक्षा सुमारे पंधरा हजार पट सहज वाहते. दोन धातू कितीही गुळगुळीत दिसले तरी मध्ये बारीक खाचा राहतात, त्यात हवा बसते. थर्मल पेस्टचं काम एवढंच, त्या हवेला हाकलून तिची जागा घ्यायची. म्हणून ती लोण्यासारखी थापायची नसते. वाटाण्याएवढा थेंब मध्यभागी ठेवला, की वरच्या दाबानं आपोआप पसरतो.

ट्रेनीला बाइकवरून कोल्हापूरला पिटाळलं. पेस्टची ट्यूब आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, चारशेच्या आत काम झालं. जुनी पेस्ट पुसली, नवी लावली, खुंट्या समोरासमोरच्या जोडीनं दाबल्या. टक्, टक्, टक्, टक्. कॅबिनेट कप्प्यात न ठेवता टेबलावर ठेवलं. दिसायला वाईट, पण सध्या तिथंच आहे.

संध्याकाळी सातला सिम्युलेशन लावलं. तापमान ७२ वर चढलं आणि तिथंच थांबलं. मी उगाच दहा मिनिटं बघत बसले, मग शेवटची बस पकडली. रात्री झोप काही लागली नाही.

शुक्रवारी सकाळी रिझल्ट तयार होता. फ्लँजच्या जाड कोपऱ्यात लाल ठिपका, हॉट स्पॉट. तिथं चिल, म्हणजे उष्णता ओढून घेणारा लोखंडी ठोकळा, ठेवायचा ठरलं. मोठ्या अभिमानानं मी मामांना स्क्रीन दाखवला.

मामांनी चष्मा वर केला, ठिपका बघितला. "ते व्हय? रिजेक्ट जॉब फोडला तवाच मी म्हटलं हुतं, ह्या कोपऱ्याला चिल द्या. कुणी ऐकलं न्हाई."