पीक पाहणीचे ॲप आणि प्ले स्टोअरची किल्ली

बांधावर उभे राहून

जालना जिल्ह्यात कपाशी, सोयाबीन किंवा मोसंबीची नोंद सातबाऱ्यावर हवी असेल, तर शेतकरी बांधावर जातो, ॲप उघडतो, गट क्रमांक निवडतो, क्षेत्र भरतो आणि पिकाचा फोटो चढवतो. ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली 15 ऑगस्ट 2021 ला. जमीन शेतकऱ्याची, नोंद महसूल खात्याची, पण ॲप घ्यायचे गूगलच्या प्ले स्टोअरमधून. पुढे केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी जोडणी झाली, तेव्हा नवे ॲपही तिथूनच उतरवावे लागले.

आधी सिमवाल्यांचे राज्य

स्मार्टफोन येण्यापूर्वी मेनूत काय दिसावे हे मोबाइल कंपनी ठरवायची. रिलायन्सच्या हँडसेटवर ‘आर वर्ल्ड’ होते. कंपनी जे ठेवील तेच बघायचे. न मागितलेली कॉलर ट्यून लागायची आणि बॅलन्स कापला जायचा. शेवटी ग्राहकाचा दोनदा होकार घेतल्याशिवाय अशी सेवा सुरू करू नका, असे दूरसंचार नियामक ट्रायला कंपन्यांना बजावावे लागले.

2017 मध्ये 1500 रुपये अनामतीवर जिओफोन आला. त्यातही ॲप मिळायचे ते जिओच्याच स्टोअरमध्ये. व्हॉट्सॲप यायला सप्टेंबर 2018 उजाडला. हा फोन ॲन्ड्रॉइड नाही, त्यामुळे पीक पाहणीचे ॲन्ड्रॉइड ॲप त्यावर चालत नाही.

आता आडत गूगलची

1 मार्च 2024 ला शादी डॉट कॉम, नोकरी, भारत मॅट्रिमोनी अशी ॲप प्ले स्टोअरवरून गायब झाली. आधी घेतलेले ॲप चालू राहिले, मात्र नव्याने स्थळ शोधणाऱ्याला काही सापडेना. वाद शुल्काचा होता. ॲपमधून विकलेल्या डिजिटल सेवेवर गूगल वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरपर्यंत 15 टक्के आणि त्यापुढे 30 टक्के घेत असे. पैसे घेण्याची व्यवस्था स्वतःची असली, तरी सूट फक्त 4 टक्क्यांची. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी लक्ष घातल्यावर काही दिवसांत ॲप परतली.

मोंढ्यात आडतीवर निदान बाजार समितीचा लगाम असतो. इथे आडत्या तोच आणि समितीही तोच! स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये प्ले स्टोअरच्या याच बिलिंगसाठी 936.44 कोटींचा दंड ठोठावला होता. मार्च 2025 मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो 216.69 कोटींवर आणला.

दुसरे दुकान आहे, पण

फोनपेने फेब्रुवारी 2024 मध्ये इंडस ॲपस्टोअर काढले. ते मराठीतही आहे. मात्र प्ले स्टोअर दुसऱ्या स्टोअरला आत घेत नाही, म्हणून ते बहुधा कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवावे लागते. त्या वेळी ‘अज्ञात स्रोत’ म्हणून फोन इशारा देतो. नव्या दुकानाचे गिऱ्हाईक तिथेच बिचकते.

तो इशारा अगदीच खोटा नाही, हीच पंचाईत आहे. ‘आरटीओ चलान’ किंवा ‘पीएम किसान’ नावाच्या एपीके, म्हणजे ॲन्ड्रॉइड ॲपच्या, फाइली व्हॉट्सॲपवर पाठवून बँक खाती रिकामी करणारे भामटे याच वाटेने येतात. बाहेरून येणाऱ्या ॲपच्या निर्मात्यांनीही आपल्याकडे ओळख पटवावी, असे गूगलने ऑगस्ट 2025 मध्ये जाहीर केले. सप्टेंबर 2026 मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून सुरुवात, 2027 पासून इतरत्र. म्हणजे मागच्या दाराची किल्लीही त्यांच्याच कमरेला.

तोवर गावच्या ग्रुपवर एपीके फाइल आली, तर उघडू नका. पीक पाहणीचे ॲप कोणते, हे तलाठ्याला विचारा.