मंडलचित्राचे व्याकरण : विद्युत् अभियांत्रिकीतील संगणकसाहाय्यित संकल्पनाचा परिचय

विद्युत् अभियंत्याचे रेखाचित्र हे वस्तूंचे चित्र नसून संबंधांचे चित्र असते. यंत्राच्या रेखाचित्रात दांड्याची लांबी, छिद्राचा व्यास, दोन भागांमधील अंतर या सर्वांना अर्थ असतो. मंडलचित्रात मात्र रेषा लांब काढली काय किंवा आखूड काढली काय, अर्थ तोच राहतो. कोणत्या घटकाचे कोणते टोक कशाशी जोडले आहे, एवढेच तेथे विचारात घ्यावयाचे असते. या दृष्टीने मंडलचित्र चित्रापेक्षा वाक्याला अधिक जवळचे होय. त्याला चिन्हांचा कोश आहे, अन्वयाचे नियम आहेत आणि अर्थही आहे. संगणकाच्या साहाय्याने होणाऱ्या संकल्पनाचे सामर्थ्य व त्याच्या मर्यादा या तीन पातळ्यांवरून पाहिल्या असता स्पष्ट होतात.

या शास्त्राचा इतिहास फार जुना नाही. १९६३ साली आयव्हन सदरलँड यांनी मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रज्ञान संस्थेत ‘स्केचपॅड’ ही प्रणाली सादर केली आणि पडद्यावर प्रकाशलेखणीने आकृती काढून ती संगणकाकडून सुधारून घेता येते हे दाखविले. १९८२ मध्ये ‘ऑटोकॅड’ बाजारात आले आणि आरेखन सामान्य संगणकावर होऊ लागले. परंतु अशी सर्वसाधारण आरेखनप्रणाली केवळ रेषा ओळखते. ती रेषा म्हणजे तार आहे, हे तिला ठाऊक नसते. विद्युत् संकल्पनासाठी रचलेल्या प्रणालींत हा भेद मुळापासून पाळलेला असतो. वापरणाऱ्याने पडद्यावर चिन्हे मांडून ती जोडली की प्रणाली त्यांतून एक जोडसूची तयार करते. अमुक रिलेचे पहिले टोक, तमुक स्विचचे दुसरे टोक आणि दिव्याचे एक टोक ही एकाच संधीवर येतात, अशा स्वरूपाच्या नोंदींची ही सूची असते. पुढील सर्व कार्य या सूचीवर चालते. चित्र हे केवळ माणसाच्या सोयीसाठी उरते.

जोडसूचीत नावाला असाधारण महत्त्व येते. अनेक प्रणालींत दोन ठिकाणच्या तारांना एकच नाव दिले, तर त्यांच्यामध्ये रेषा नसतानाही त्या जोडलेल्या मानल्या जातात. याउलट एकाच तारेला दोन पानांवर दोन नावे पडली, तर ती तुटलेली ठरते. ‘न्यूट्रल’ आणि ‘न्युट्रल’ यांतील दीर्घ-ऱ्हस्वाचा भेद वाचक सहज ओलांडून जातो. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन स्वतंत्र शब्द होत. न्यूट्रल व अर्थ या दोन्हींना निष्काळजीपणाने एकच नाव दिले, तर जे वाहक वेगळे राखणे सुरक्षिततेसाठी अवश्य आहे तेच सूचीत एक होऊन बसतात. समानार्थकता व अनेकार्थकता बोलीभाषेला समृद्ध करतात. येथे ती दोषरूप ठरतात.

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. बुलढाणा जिल्ह्यातील विहिरींवरचे पंप आणि खामगावच्या परिसरातील सरकी काढण्याचे कारखाने, दोन्ही मोटारीवर चालतात, आणि मोठी मोटार सुरू करण्यास स्टार-डेल्टा स्टार्टर वापरण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर गुंडाळ्या प्रथम स्टार रीतीने जोडल्या म्हणजे प्रत्येक गुंडाळीवर सुमारे २४० व्होल्ट येतात. त्यामुळे पुरवठ्यातून घेतला जाणारा प्रारंभीचा प्रवाह थेट जोडणीच्या एक-तृतीयांश होतो. मोटारीचा प्रारंभीचा पीळही तितकाच घटतो. मोटारीने वेग घेतला की टायमर स्टारचा काँटॅक्टर सोडवितो व डेल्टाचा ओढतो. हे दोन्ही एकाच वेळी जुळले, तर तिन्ही फेज परस्परांशी थेट जोडले जातात. हा लघुमंडलाचा प्रसंग टाळण्यासाठी स्टार काँटॅक्टरचा एरवी जुळलेला राहणारा साहाय्यक स्पर्शक डेल्टाच्या कॉइलच्या वाटेत घालतात, आणि डेल्टाचा स्टारच्या. यालाच इंटरलॉक म्हणतात.

आता कल्पना करावी की, चित्र काढताना हे दोन साहाय्यक स्पर्शक राहून गेले. नियमतपासणी करणारी प्रणाली काय सांगेल? मोकळे राहिलेले टोक, एकच क्रमांक मिळालेले दोन घटक, कॉइल नसलेला स्पर्शक, हे दोष ती तत्काळ दाखविते. कारण ते अन्वयाचे दोष आहेत. परंतु या चित्रात प्रत्येक कॉइल व्यवस्थित जोडलेली आहे. वाक्य व्याकरणशुद्ध आहे. म्हणून तपासणी निर्दोषतेचा निर्वाळा देते.

यापुढील पायरी अनुकरणाची. १९७३ मध्ये बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली लॉरेन्स नेगल यांनी ‘स्पाइस’ ही प्रणाली मांडली. जोडसूचीवरून किर्खोफच्या नियमांची समीकरणे रचावयाची व ती सोडवून प्रत्येक संधीवरील विद्युद्दाब काढावयाचा, हे तिचे तत्त्व. अनुकरणातही वरील चित्र बहुधा उत्तीर्ण होते; कारण नित्याच्या क्रमात टायमर स्टारला आधी सोडवितो आणि मगच डेल्टाला ओढतो. स्टारचे मुख्य स्पर्शक ठिणगीने वितळून चिकटून बसले तर काय होईल, हा प्रश्न संकल्पकाने स्वतः विचारला तरच धोका दृष्टीस पडतो. इंटरलॉक असता, आणि साहाय्यक स्पर्शक मुख्य स्पर्शकांशी यांत्रिक रीत्या निगडित असता, चिकटलेला स्टार डेल्टाला जुळू देत नाही. यंत्र विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. प्रश्न सुचणे हे माणसाचेच काम राहते.

शिक्षणाच्या दृष्टीने हा मुद्दा विशेष विचारार्ह आहे. शेगाव येथे १९८३ पासून श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी शिकणाऱ्या विद्यार्थ्यास महागड्या परवान्याची अडचण आता पूर्वीइतकी उरलेली नाही. ग्रनोबल येथे झाँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये आरंभिलेली ‘किकॅड’ ही प्रणाली विनामूल्य व मुक्त आहे. तिची आणि स्पाइसच्या परंपरेतील ‘एनजीस्पाइस’ची सांगड घालून मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘फॉसी’ प्रकल्पाने ‘ईसिम’ निर्माण केली आहे. साधन सुलभ झाले. अर्थाचे शिक्षण मात्र आपोआप सुलभ होत नाही. आज्ञावलीतील इंग्रजी शब्द पाठ करून चित्र पूर्ण करता येते, परंतु इंटरलॉक का हवा हे स्वतःच्या भाषेत समजावून सांगता येईपर्यंत त्या चित्राचे आकलन झाले असे म्हणता येत नाही. परिभाषेचा प्रश्न म्हणूनच केवळ प्रतिशब्दांचा नव्हे. ‘स्टार्टर’, ‘फेज’, ‘कॉइल’ हे शब्द मराठीत रुळले आहेत व ते तसेच राहण्यास प्रत्यवाय नाही. अवश्य आहे ती त्यांच्यातील कार्यकारणभाव मराठी वाक्यांत मांडण्याची सवय. जोडसूची यंत्र तयार करील. ती जोडणी तशीच का असावी, याचे उत्तर संकल्पकाजवळ असले पाहिजे.