हयातीचा दाखला

नोव्हेंबर महिना लागला म्हणजे कोपरखैरण्यातील बँकांच्या दारांशी, कुलूप उघडण्याच्या आधीपासूनच, वृद्धांची रांग लागते. आपण अद्याप हयात आहोत ही नोंद सरकारदरबारी करून देणे, एवढेच सर्वांचे काम असते. गेल्या खेपेस या रांगेत माझ्यापुढे दोन गृहस्थ उभे होते: एक बेलापूरच्या कोकण भवनात अव्वल कारकुनी करून निवृत्त झालेले, दुसरे ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात यंत्रावर राबलेले. पहिल्यांनी हयातीच्या यादीत आपल्या नावासमोर सही केली. दुसऱ्यांच्या बोटांवरील रेषा कामाने इतक्या झिजल्या होत्या, की सदऱ्याला अंगठा पुसून पुसून चौथ्यांदा टेकवला तेव्हा कुठे यंत्राने त्यांची ओळख मान्य केली. पहिल्यांचे निवृत्तिवेतन महागाईबरोबर वाढते. दुसऱ्यांचे दीड हजारांच्या आसपास आहे, आणि सुरू झाले त्या दिवसापासून ते तेवढेच आहे.

जुन्या पेन्शनचा वाद समजून घ्यावयाचा, तर हे दोघेही एकाच वेळी दृष्टीसमोर असावे लागतात.

निवृत्तिवेतन म्हणजे राजाची मर्जी, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे, आणि तिला इतिहासाचा आधारही आहे. १८१८ साली कंपनी सरकारने दुसऱ्या बाजीरावास सालीना ८ लाख रुपयांचा तनखा बांधून दिला, आणि १८५१ साली बाजीराव वारताच डलहौसीने तो तनखा नानासाहेबांस नाकारला. देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असलेल्या वचनाची हीच गती होते. स्वतंत्र भारतात हा विचार न्यायालयाने मोडून काढला. १७ डिसेंबर १९८२ रोजी, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने नकारा खटल्यात स्पष्ट केले, की निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नसून केलेल्या सेवेने मिळवलेला हक्क आहे. त्याच वर्षीच्या राज्य निवृत्तिवेतन नियमांनुसार, पुरी सेवा झालेल्या महाराष्ट्राच्या कर्मचाऱ्यास अखेरच्या वेतनाच्या निम्मी रक्कम, तीवर महागाईची वाढ, आणि पश्चात कुटुंबाला आधार, इतके सर्व त्याच्या पगारातून या कारणासाठी छदामही न कापता मिळत असे.

१ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीस लागणाऱ्यांपुरती ही व्यवस्था संपली. पगारातून दहा टक्के कपात, तितकीच भर सरकारची, जी पुढे चौदा टक्क्यांवर गेली, आणि साठलेली रक्कम बाजारात गुंतवलेली, असा नवा प्रघात पडला. निवृत्तीच्या वेळी त्या रकमेतील निदान चाळीस टक्के भाग विमा कंपनीकडे देऊन वार्षिकी घ्यावयाची. समजा, कोणाचे पन्नास लाख साठले व त्यांतील वीस लाख सहा टक्क्यांनी गुंतवले, तर महिन्याकाठी दहा हजार रुपये हाती येतील. आणि ते दहा हजार वीस वर्षांनंतरही दहा हजारच राहतील. ज्या शिक्षिकेचा वा तलाठ्याचा शेजारी सहकारी केवळ वर्षभर आधी रुजू झाला म्हणून अर्ध्या पगाराचा धनी होतो, त्यांच्या मनातील अन्यायाची भावना खोटी नव्हे. म्हणूनच १४ मार्च २०२३ रोजी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा देत राज्याचे लाखो कर्मचारी संपावर गेले, आणि आठवडाभर शाळा, रुग्णालये व कचेऱ्या ओस पडल्या.

सरकारची बाजू त्याआधीच, डिसेंबर २०२२ मध्ये, नागपूरच्या अधिवेशनात देवेंद्र फडणवीस यांनी मांडली होती: जुनी योजना आणल्यास १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल व राज्य दिवाळखोरीत जाईल. ज्या राज्याची वर्षाची महसुली जमा २०२३-२४ साली सुमारे साडेचार लाख कोटी अंदाजलेली होती, त्याच्या दृष्टीने हा आकडा लहान नव्हता. तथापि या जमाखर्चातील खरी मेख कालाची आहे, आणि तीच सामान्य वाचकाच्या ध्यानी क्वचित आणून दिली जाते. २००५ साली पंचविसाव्या वर्षी रुजू झालेला कर्मचारी अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे २०३८ साली निवृत्त होईल. आज जुनी योजना परत आणली, तर आजच्या सरकारची दरमहाची भर वाचते, टाळ्या त्याला मिळतात, आणि देणे मात्र २०३८ नंतरच्या सरकारच्या, किंबहुना आज शाळेत जाणाऱ्या मुलांच्या माथी जाते. राजस्थान, छत्तीसगड, पंजाब, हिमाचल यांनी हा मार्ग धरला, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या २०२३ मधील अभ्यासाने इशारा दिला, की जुन्या योजनेचा भार नव्या योजनेच्या साडेचारपट होऊ शकतो.

महाराष्ट्राने मधला मार्ग काढला. मार्च २०२४ मध्ये अखेरच्या वेतनाच्या निम्म्याची हमी विधिमंडळात जाहीर झाली. ऑगस्टमध्ये, केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केल्याच्या दुसऱ्याच दिवशी, राज्य मंत्रिमंडळानेही ती स्वीकारली. कपात चालू, पण हमीही आहे: मला ही तडजोड न्याय्य वाटते, कारण म्हातारपणाचा धोका एकट्या कर्मचाऱ्यावर टाकणे जितके अनुचित, तितकेच निधी बाजूला न काढता वचन देणे अनुचित.

परंतु हमी दिली की खजिन्यावरील देणे आलेच, आणि खजिना भरतो तो अंगठा पुसून उभा असलेला गृहस्थही. साबणाच्या वडीवर, औषधाच्या बाटलीवर तोही कर देतो. त्याच्या भविष्य निधी योजनेतील किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ मध्ये १००० रुपये ठरले आणि त्यानंतर दहा वर्षे उलटली तरी तेथेच राहिले. ते वाढवणे केंद्राच्या हाती आहे, राज्याच्या नव्हे, हे खरे. पण कर भरताना त्या माणसाला दोन सरकारे वेगळी दिसत नाहीत.

सबब वाचकांना एकच विनंती. मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडला गेला, म्हणजे आपल्या आमदारास एवढे विचारावे: पुढील तीस वर्षांत या हमीपोटी किती देणे येणार, याचा विमागणितज्ञाने काढलेला ताळेबंद सभागृहापुढे ठेवला काय? आणि खासदार भेटले, तर त्या हजार रुपयांविषयी विचारावे.