मांडी धरण्याआधी

२१ जुलै २०११. लॉर्ड्सवर भारत-इंग्लंड कसोटीचा पहिला दिवस. आपल्या श्रीरामपूरच्या जहीर खानने इंग्लंडचे दोन्ही सलामीवीर बाद केले होते. चौदावे षटक मात्र त्याला पूर्ण करता आले नाही. मांडीमागचा स्नायू दुखावला आणि तो मैदानाबाहेर गेला. विश्वचषकात शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने सर्वाधिक २१ बळी घेऊन त्याला चार महिनेही झाले नव्हते. त्या मालिकेत तो पुन्हा गोलंदाजीला उतरला नाही. भारत ४-० ने हरला. एका स्नायूने मालिका घालवली असे कोणी म्हणणार नाही, पण त्या दिवशी टीव्हीसमोर बसलेल्या आम्हा सगळ्यांना ‘हॅमस्ट्रिंग’ हा शब्द कायमचा पाठ झाला.

मी कोकणातल्या एका हायस्कूलमध्ये खेळ शिकवतो. फुटबॉल, हॉकी, क्रिकेट, खेळ कुठलाही असो, भरधाव सुटलेला मुलगा एकदम थबकतो, मागून कोणी दगड मारला असावा तसा वळून बघतो आणि मांडी धरून खाली बसतो, हे मी वर्षातून दोनतीनदा तरी बघतो. घरी तेलाने चोळतात, चार दिवस झोपवतात, दुखायचे थांबले की पोरगा पुन्हा मैदानावर. महिन्याभरात तीच मांडी पुन्हा धरते. एकदा दुखावलेली मांडी पुन्हा दुखावण्याचा धोका फार मोठा असतो, म्हणून पहिल्या वेळीच जपायला हवे.

खुर्चीवर बसा आणि टाच जमिनीत दाबून मागे ओढा. गुडघ्यामागे दोन्ही बाजूंना दोरीसारखे काही हाताला लागेल. तेच हॅमस्ट्रिंगचे शेवट. हे तीन स्नायू बैठकीच्या हाडापासून निघतात आणि गुडघ्याखाली जाऊन चिकटतात. धावताना पाय पुढे फेकला जातो, तेव्हा नडगीला आवर घालणारा ब्रेक म्हणजे हेच स्नायू. गंमत अशी की ब्रेक लावताना ते आखडत नाहीत, ताणले जात असतात. ताण आणि जोर दोन्ही एकदम येतात, आणि बहुतेक वेळा तिथेच ते फाटतात. त्यामुळे कुठला व्यायाम चांगला हे ठरवताना एकच प्रश्न विचारायचा: हा व्यायाम स्नायूला ताणले जाताना जोर लावायला शिकवतो का?

जिममध्ये पोटावर झोपून टाचेने वजन वर ओढायचे यंत्र असते, लेग कर्ल म्हणतात त्याला. मुलांना ते आवडते, कारण किलो वाढलेले दिसतात. २००४ मध्ये नॉर्वेत फुटबॉलपटूंचे दोन गट करून दहा आठवडे तपासणी झाली. एक गट या यंत्रावर, दुसरा नुसत्या गुडघ्यांवर. ताणले जातानाची ताकद मोजली तेव्हा यंत्रवाल्यांची जिथल्या तिथे होती, गुडघेवाल्यांची ११ टक्के वाढली होती.

हा गुडघ्यांवरचा व्यायाम म्हणजे नॉर्डिक. खाली घडी केलेली गोधडी घ्यावी, त्यावर गुडघे टेकावेत. भाऊ किंवा मित्र मागून दोन्ही घोटे घट्ट दाबून धरतो. आता गुडघ्यापासून खांद्यापर्यंत अंग फळीसारखे सरळ ठेवून पुढे कलायचे, होईल तितके सावकाश. कमरेत वाकायचे नाही. एका क्षणी अंग आवरत नाही, तेव्हा तळहात टेकून स्वतःला झेलायचे आणि हातांनीच ढकलून वर यायचे. पहिल्या दिवशी बहुतेक जण थोडे कलताच कोसळतात. किती खाली जाईपर्यंत आवरता येते, तीच प्रगतीची मोजपट्टी. पैसा लागत नाही, वजन लागत नाही, जागा जानमाजएवढी पुरते. मुलींनाही घरात, बहिणीला घोटे धरायला लावून करता येतो. खेळणाऱ्या मुलींच्या घरच्यांना हे मी मुद्दाम सांगतो.

या व्यायामाइतका पुरावा दुसऱ्या कुठल्याच व्यायामामागे नाही. २०११ मध्ये डेन्मार्कच्या ५० संघांतल्या ९४२ खेळाडूंवर मोठी पाहणी झाली. नॉर्डिक करणाऱ्यांत हॅमस्ट्रिंगच्या १५ दुखापती झाल्या, न करणाऱ्यांत ५२. जुने दुखणे उलटण्याचे प्रमाण तर आणखीच खाली आले. २०१५ मध्ये हॉलंडच्या हौशी, म्हणजे आपल्या गावच्या मंडळांसारख्या संघांतही दुखापती निम्म्याहून कमी झाल्या.

तरीही नॉर्डिक एकटा पुरत नाही. त्यात गुडघा उलगडतो, पण कंबर जागची हलत नाही. धावताना मात्र स्नायू कमरेकडूनही ताणला जातो. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी नॉर्डिकशेजारी कमरेतून ताण देणारा व्यायाम ठेवून पाहिला. स्नायूतल्या तंतूंची जुडगी दोन्हींनी लांबली, आणि ती लांबणे चांगले, कारण आखूड जुडगी असलेल्यांना दुखापत जास्त होते. पण धावताना सर्वात जास्त फाटणारा बाहेरच्या बाजूचा स्नायू कमरेच्या व्यायामाने अधिक भरला. नॉर्डिकने भरला तो मुख्यतः त्याच्या शेजारचा.

या कमरेच्या व्यायामाचा घरगुती नमुना सोपा आहे. दोन्ही हातांत वजन, पाच किलो तांदळाची पिशवी चालेल. गुडघे किंचित सैल, कुल्ले मागे, आणि पाठ रुकूत ठेवतो तशी सपाट. (नमाजला कसरत म्हणायचे नाही. पाठीची ठेवण आपल्या मुलांना सांगायला याहून सोपी खूण मला सापडली नाही, इतकेच.) मांडीमागे ताण जाणवेपर्यंत सावकाश वाकायचे, मग उठायचे. जमले की एका पायावर.

ज्याला नॉर्डिक अजिबात झेपत नाही त्याच्यासाठी लादीवरचा व्यायाम. पाठीवर झोपून टाचांखाली फरशी पुसायचे फडके घ्यायचे, कुल्ले उचलायचे आणि टाचा हळूहळू दूर सरकू द्यायच्या. पुरावा नॉर्डिकइतका नाही, पण पहिली पायरी म्हणून मी तोच देतो.

आणि धावणे? वेगात धावणे हाही हॅमस्ट्रिंगचा व्यायामच आहे. २०२० च्या एका पाहणीत वेगाच्या धावांनी तंतूंची लांबी नॉर्डिकपेक्षा जास्त वाढलेली दिसली, शिवाय वेगही वाढला. दुखापतीच्या भीतीने आठवडाभर मुलांना नुसते जॉगिंग करायला लावून रविवारी सामन्यात एकदम पळवणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत. मीही त्यातलाच होतो.

माझी याहून मोठी चूक वेगळीच. डेन्मार्कची आकडेवारी वाचून मी भारावलो आणि दुसऱ्याच दिवशी सगळ्या संघाला नॉर्डिकचे दहा-दहाचे तीन सेट करायला लावले. तिसऱ्या दिवशी मैदानावर निम्मीच मुले. एकाची अम्मी शाळेत आली. “सर, काय करायला लावलंत याला? फजरला उठला तर रुकूत वाकवेना. संडासात बसता बसता रडला.” मी हसण्यावारी नेले. त्या आठवड्यात व्यायाम बंद पडला तो पडलाच. आमचा सर्वात वेगवान विंगर, ज्याची मांडी आधी दोनदा धरली होती आणि ज्याला या व्यायामाची सर्वात जास्त गरज होती, तोही थांबला. जानेवारीत उपांत्य सामन्यात तिसऱ्यांदा त्याची मांडी गेली. या वेळी दोन दिवसांत मांडी काळीनिळी झाली. त्या हंगामात तो पुन्हा धावला नाही. पुढच्या वर्षी अब्बूंच्या दुकानात बसायला लागला.

नंतर तीच पाहणी नीट वाचली. डेन्मार्कच्या तरबेज खेळाडूंनीसुद्धा पहिल्या आठवड्यात एकच दिवस, पाच-पाचचे दोन सेट केले होते. दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस, सहा-सहाचे दोन. तिसऱ्या आठवड्यापासून तीन दिवस आणि तीन सेट. बारा, दहा, आठ या पूर्ण मापावर ते पाचव्या आठवड्यात पोहोचले. मी माझ्या पोरांना चौथ्या आठवड्याचा डोस पहिल्या दिवशी पाजला होता. फिफाचा ‘११+’ हा वॉर्म-अप चौदा वर्षांपुढच्या खेळाडूंसाठी आहे. त्यातही नॉर्डिक आहे, आणि सुरुवात तीन ते पाच वेळांनीच होते.

दुखते म्हणून सोडणारे आम्हीच नाही. चॅम्पियन्स लीग आणि नॉर्वेतल्या अव्वल क्लबांचे मिळून दीडशे हंगाम तपासले गेले, तेव्हा हा कार्यक्रम पूर्णपणे पाळलेले फक्त १६ निघाले. दुसरीकडे युरोपातल्या बड्या क्लबांत एकूण दुखापतींमधला हॅमस्ट्रिंगचा वाटा वीस वर्षांत १२ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेला आहे. सामने वाढले, वेग वाढला, कारणे बरीच आहेत. पण औषध फडताळात ठेवून बरे वाटत नाही.

रमजानात आमच्याकडे सराव थांबतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ऑस्ट्रेलियातल्याच २०१८ च्या एका अभ्यासात व्यायाम थांबवल्यावर दोन आठवड्यांत तंतूंची लांबी मूळ मापावर आली. म्हणजे पूर्ण महिना सोडला तर ईदनंतरच्या सामन्यांत मुले कच्च्या मांडीने उतरणार. पण त्याच अभ्यासात आणखी एक दिसले: सुरुवातीच्या दोन आठवड्यांनंतर आठवड्याला फक्त आठ वेळा नॉर्डिक करणाऱ्यांना जवळपास तितकाच फायदा झाला, जितका त्याच्या कितीतरी पट करणाऱ्यांना. आठ वेळा म्हणजे पाच मिनिटे. आमची मुले ती तरावीहनंतर, भरपूर पाणी पिऊन झाल्यावर, घरीच करतात. रोजा असताना दुपारी मी कोणाला करू देत नाही.

मांडीत टचकन आवाज झाला, काळेनिळे पडले किंवा पाय टेकवत नसेल तर यातले काहीही करू नये, चोळूही नये. बर्फ लावून डॉक्टर गाठावा. बरे होतानाचे व्यायामही फिजिओच्या नजरेखाली व्हावेत. स्वीडनमध्ये ताण देत केलेल्या व्यायामांनी खेळाडू सरासरी २८ दिवसांत परतले, नेहमीच्या व्यायामांनी ५१ दिवस लागले. घाई करायची ती या अर्थाने, लवकर मैदानावर पाठवून नव्हे.

आता सोमवार आणि गुरुवारी सराव संपल्यावर, गरम अंगाने, आमची मुले जोड्या करून बसतात. नवा मुलगा आला की पहिला आठवडा पाच-पाच, दोनदा, बस. जास्त मागितले तरी नाही. गेल्या मोसमात तो विंगर दुकान बंद करून संध्याकाळी मैदानावर आला होता. कोणाला जोडीदार नव्हता, त्याचे घोटे धरून बसला. “सर,” म्हणाला, “याचे गुडघे कडक जागेवर आहेत, गोधडी द्या.”