परमुलुखांतील बिऱ्हाड

शिक्षकाचा पेशा पत्करला कीं बिऱ्हाड पाठीशीं बांधलेलेंच समजावें. आम्ही मूळचे साताऱ्याचे. नोकरी मिळाली सांगलीस. सातारा पूर्वीं इंग्रजी अंमलांत, तर सांगली पटवर्धनांचें संस्थान. तें १९४८ सालीं विलीन झालें. तरी पुढें कित्येक वर्षांनीं आम्ही तेथें घर शोधावयास गेलों, तेव्हां एका वृद्ध मालकांनीं "परमुलुखांतले मास्तर" म्हणूनच आमची संभावना केली. "येथें ओळखीचें कोण?" अशी उलटतपासणी झाली. अखेर हेडमास्तरांच्या चिठ्ठीनें दार उघडलें. आमचाही एक प्रश्न होताच : कृष्णेचें पाणी कोठवर येतें? २०१९ च्या महापुरानें तो प्रश्न किती रास्त होता हें पुन्हा दाखवून दिलें.

हें आज आठवण्याचें कारण आमची पुतणी. गणित शिकविण्याकरितां ती जर्मनीस गेली. तेथील रीत ज्यांचीं मुलेंबाळें परदेशीं निघालीं आहेत, त्यांस उपयोगीं पडेल म्हणून सांगतों. तेथें भाडें दोन प्रकारांनीं सांगतात. "थंड" भाडें म्हणजे नुसत्या जागेचें. "उबदार" म्हणजे घर तापविण्याचा, पाण्याचा वगैरे खर्च धरून. अनामत थंड भाड्याच्या तिपटीहून अधिक मागतां येत नाहीं, व ती तीन मासिक हप्त्यांनीं देण्याची कायद्यानें मुभा आहे. पुष्कळ घरांत स्वयंपाकघर म्हणजे चार भिंतीच. शेगडी व मोरी आपणच बसवावयाची. राहावयास गेल्यावर दोन आठवड्यांत नगरकचेरींत नोंद करावी लागते, आणि तिला मालकाचा दाखला लागतो. घर पाहिल्यावांचून पैसे पाठवूं नयेत, हा नियम मात्र सर्व देशांत सारखाच.

हें सारें पुतणीनें पाळलें. तरी दोन महिने घर मिळेना. एका मालकिणीनें तर स्पष्टच सांगितलें, "तुमच्या फोडणीचा वास आम्हांस सोसणार नाहीं." अन्नाचा हा प्रश्न जुनाच आहे. पंडिता रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या व पुढें चेल्टनहॅमच्या मुलींच्या विद्यालयांत संस्कृत शिकवूं लागल्या; परंतु तेथेंही त्यांनीं आपला शाकाहार सोडला नाहीं. पुतणीचा निरोप ऐकून आम्ही संतापलों व त्या बाईंच्या संकुचित वृत्तीवर बरेंच बोललों.

सौभाग्यवती शांतपणें म्हणाल्या, "आणि आपल्या माडीवरच्या खोलीचें काय?"

आम्ही निरुत्तर झालों. तीन वर्षांपूर्वीं एक परदेशी तरुण शिक्षक साताऱ्यांत खोली शोधीत आमच्या दारीं आला होता. मराठी मोडकें, पण नमस्कार नीट. "पाहुणे यावयाचे आहेत," असें सांगून आम्ही त्यास वाटेला लाविलें. पाहुणे कोणी येणार नव्हते. तो काय खाईल, कोण जाणे, एवढीच शंका! आणि कागदपत्रांची कटकट नको, ही सबब. वास्तविक परदेशी मनुष्य राहावयास आल्यास २४ तासांत सरकारास कळवावें, आणि १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणें भाड्याचा करार लेखी करून नोंदवावा, एवढेंच मालकाचें काम. अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी लागत नाहीं, हा समज चुकीचा आहे.

पुढें पुतणीच्या शाळेंतील एका वयस्क शिक्षिकेनें मालकास स्वतः भेटून तिच्याविषयीं शब्द टाकिला, आणि घर मिळालें. सांगलीस आमच्याकरितां हेडमास्तरांनीं जें केलें, तेंच हें. परक्या गांवीं शिक्षकास भाडें देतां येतें. ओळख मात्र विकत मिळत नाहीं. ती कोणीतरी द्यावी लागते.

तो तरुण कोठें गेला, हें आम्हांस ठाऊक नाहीं. माडीवरची खोली आम्हीं झाडून घेतली आहे. येत्या जूनमध्यें शाळा उघडतील, तेव्हां नवा मास्तर कोणत्याही मुलुखांतून आला तरी त्यास प्रथम चहा द्यावयाचा, प्रश्न मागाहून, असें आम्हां उभयतांचें ठरलें आहे.