मर्चंट, गावसकर, तेंडुलकर

भिवंडीत धामणकर नाक्यावर चहाच्या टपरीशी क्रिकेटचा विषय निघाला, की गाडी गावसकर मोठा की तेंडुलकर यावर येऊन थांबते. एकाच्या १०,१२२ कसोटी धावा नि ३४ शतकं, दुसऱ्याच्या १५,९२१ नि ५१. नुसती बेरीज बघितली तर निकाल लागलाच म्हणायचा. पण गावसकर सलामीला यायचा, बहुतेक कारकीर्दभर हेल्मेटविना, आणि तेव्हा षटकातल्या बाऊन्सरवर आजच्यासारखी मर्यादा नव्हती. १९७१ साली वेस्ट इंडिजमध्ये पदार्पणाच्याच मालिकेत त्याने चार कसोटींत ७७४ धावा केल्या. त्या काळी पन्नासच्या वर सरासरी राखणारे थोडेच होते. २००० नंतर द्रविड, पाँटिंग, कॅलिस, संगकारा, सगळेच पन्नाशीपार. याउलट तेंडुलकर सोळाव्या वर्षी कराचीत इम्रान, वसीम, वकारसमोर उभा राहिला आणि पुढे चोवीस वर्षं खेळला, त्यात एकदिवसीय सामन्यांचा भार वेगळाच.

पण या वादात विजय मर्चंट यांचं नाव कुणी घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कसोट्या फक्त दहा, त्याही अठरा वर्षांत. १९३६ च्या दौऱ्यानंतर थेट १९४६ पर्यंत भारत एकही कसोटी खेळला नाही. मर्चंट यांची पंचवीस ते चौतीस ही वर्षं कसोटीविनाच गेली, त्यातली बरीचशी महायुद्धात. प्रथम श्रेणीत त्यांची सरासरी ७१.६४, ब्रॅडमनच्या खालोखाल. ‘मुंबईच्या पाटा खेळपट्ट्यांवरच्या धावा’ हा आक्षेप खरा आहे, तेव्हा तिथे धावांचे डोंगर उभे राहायचेच. पण मग १९४६ चा इंग्लंड दौरा बघा. पावसाळी उन्हाळा, उघड्यावर भिजणाऱ्या खेळपट्ट्या, आणि मर्चंट यांच्या २,३८५ धावा, सरासरी ७४.५३. सोय नसलेल्या जागी ज्याची सरासरी घसरत नाही, त्याला मी आधी मोजतो. म्हणून तंत्रात तिघांत पहिले मर्चंट, असं मी ठामपणे म्हणतो.

१९५१ ला दिल्लीत, चाळिशीत, त्यांनी इंग्लंडविरुद्ध १५४ केल्या. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना खांदा दुखावला आणि कारकीर्द संपली. पुढे ते निवड समितीचे अध्यक्ष झाले. १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी एकवीस वर्षांच्या गावसकरला संघात घेतलं, ते त्यांच्याच समितीने.