फास्टॅग नेमका कुठे चिकटवावा?
सूरतच्या वाटेवर निघण्यापूर्वी समोरच्या काचेकडे एकदा पाहा

गोव्यात मोटार चालवताना टोलनाका क्वचितच आडवा येतो. त्यामुळे फास्टॅग ही आपल्याकडे पुष्कळदा कप्प्यात ठेवून दिलेली वस्तू असते. लग्नाच्या खरेदीसाठी अथवा कापडाच्या व्यापारानिमित्त सूरतला जायचे ठरले, की मग ती शोधली जाते. मुंबई ओलांडून दहिसरहून सूरतकडे निघाले की खानिवडे, चारोटी, बगवाडा, बोरियाच असे नाके एकामागून एक येतात. पहिल्याच नाक्यावर शेजारी बसलेली व्यक्ती टॅग काचेला टेकवून धरते, वाचकयंत्र गप्प राहते आणि मागच्या गाड्यांचे भोंगे वाजू लागतात.

खात्यात पैसे आहेत, टॅगही आपलाच आहे, मग अडले कुठे? अडते ते जागेवर. फास्टॅगची जागा ही आता केवळ सोयीची बाब राहिलेली नसून ती नियमाची बाब झाली आहे.

जागेचे एवढे महत्त्व का?

फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. कागदासारख्या दिसणाऱ्या त्या पट्टीत एक सूक्ष्म चिप आणि तिच्याभोवती धातूच्या पातळ रेषांचा अँटेना असतो. नाक्यावरील यंत्र रेडिओ लहरी सोडते. त्या लहरींतूनच चिपला क्षणभर पुरेल एवढी ऊर्जा मिळते आणि ती आपला क्रमांक परत पाठवते.

हा संवाद फार नाजूक असतो. धातू रेडिओ लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेते. आपल्या तळहातात पाण्याचा अंश मोठा असल्यामुळे हातात धरलेला टॅग यंत्राला नीट ‘दिसत’ नाही. डॅशबोर्डवर आडवा ठेवलेल्या टॅगचा कोन चुकतो. बाजूच्या काचेवर लावलेल्या टॅगची दिशाच बदलते.

योग्य जागा कोणती?

समोरच्या काचेची आतील बाजू, वरच्या भागात मध्यभागी, आतील आरशाच्या मागे. तेथे टॅग यंत्रासमोर मोकळा राहतो आणि चालकाच्या नजरेआड येत नाही.

नव्या मोटारींत याच ठिकाणी कॅमेरा किंवा पावसाचा संवेदक असतो. त्यावर टॅग लावू नये, किंचित बाजूला सरकवावा. उष्णता परतवणाऱ्या काही काचांमध्ये धातूचा अतिशय पातळ थर असतो आणि तो लहरी अडवतो. अशा काचेवर आरशाजवळ थर नसलेली जागा बहुधा राखलेली असते. ती कोठे आहे, हे मोटारीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत पाहावे.

चिकटवण्यापूर्वी काच आतून स्वच्छ पुसून पूर्ण कोरडी करावी. पावसाळ्यात काचेवर आतून साचलेला दमटपणा गोंदाची पकड कमी करतो. मागचा कागद काढल्यावर टॅग मधून कडांकडे दाबत न्यावा. एकदा लावलेला टॅग काढून पुन्हा लावता येईल असे समजू नये. काढताना तो निकामी व्हावा, अशीच त्याची रचना असते. काच बदलल्यास बँकेकडून नवा टॅग घ्यावा लागतो.

एका काचेवर दोन टॅग ठेवू नयेत. जुना टॅग बंद करून काढून टाकावा. मोटार विकताना तर हे न विसरता करावे, अन्यथा नव्या मालकाच्या प्रवासाचा टोल आपल्या खात्यातून जात राहील.

न चिकटवल्यास काय होते?

राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केले, की समोरच्या काचेवर आतून न चिकटवलेला टॅग घेऊन टोलमार्गिकेत शिरणाऱ्या वाहनाकडून दुप्पट शुल्क घ्यावे. अशा वाहनाचा क्रमांक कॅमेऱ्यात नोंदवण्याची तरतूदही त्यात आहे. पुढे जुलै २०२५ मध्ये हातात धरलेल्या सुट्या टॅगची माहिती नाक्यांनी तात्काळ कळवावी आणि तो काळ्या यादीत टाकला जावा, असे धोरण जाहीर झाले.

१५ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नियमाने, वैध व चालू फास्टॅग नसलेल्या वाहनासाठी रोखीने दुप्पट, तर यूपीआयद्वारे सव्वापट शुल्क ठरवण्यात आले. म्हणजे शंभर रुपयांच्या टोलचे रोखीने दोनशे आणि यूपीआयने एकशे पंचवीस रुपये झाले.

हे कठोर का, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र सुटा टॅग एका मोटारीतून दुसरीत नेता येतो. लहान मोटारीचा टॅग दाखवून मोठे वाहन पुढे काढता येते. शिवाय एक टॅग वाचला गेला नाही, तर मागची सारी रांग खोळंबते.

या व्यवस्थेत वाहनधारकाचाही एक हक्क आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. टॅग वैध आहे, चालू आहे, खात्यात पुरेसे पैसे आहेत आणि तरीही नाक्याच्या यंत्रणेतील बिघाडामुळे शुल्क कापले गेले नाही, तर वाहनाला शून्य रकमेची पावती देऊन विनाशुल्क सोडण्याची नियमात तरतूद आहे. पण हातात टॅग धरून हा हक्क कोणत्या तोंडाने मागायचा? चूक यंत्राची आहे, हे ठामपणे सांगण्यासाठी आपला टॅग आधी आपल्या जागी हवा.

वार्षिक पासचेही तसेच आहे. १५ ऑगस्ट २०२५ रोजी ३,००० रुपयांत सुरू झालेला, एक वर्ष अथवा २०० फेऱ्यांचा हा पास खासगी मोटार, जीप व व्हॅन यांच्यासाठी आहे. टॅग काचेवर व्यवस्थित चिकटवलेला असणे ही त्याचीही अट आहे.

चोर्यासीचा नाका काय सांगतो?

सूरत जिल्ह्यातील चोर्यासी टोलनाक्यासाठी ३० ऑगस्ट २०२५ रोजी एक महत्त्वाचा करार झाला. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ वरील या नाक्यावर अडथळाविरहित टोलवसुली उभारण्याचे काम आयसीआयसीआय बँकेकडे सोपवण्यात आले. देशातील असा हा पहिला सर्वंकष प्रकल्प म्हणून जाहीर झाला. या पद्धतीत आडवी दांडी नसते, थांबणेही नसते. रस्त्यावरील कमानीवरची यंत्रे धावत्या वाहनाचा फास्टॅग वाचतात आणि कॅमेरे क्रमांकपट्टी टिपतात.

आजच्या नाक्यावर टॅग वाचला गेला नाही, तर कर्मचारी हातातले यंत्र घेऊन पुढे येतो, आपणही टॅग पुढेमागे करून पाहतो. कमानीखाली ती सवलत नाही. तेथे टॅग पुढे करायला वेळ नसतो आणि वाद घालायला समोर माणूसही नसतो.

निघण्यापूर्वी

टॅगवर नोंदवलेला वाहन क्रमांक आपल्याच मोटारीचा आहे ना, ओळखपत्रांची पडताळणी पूर्ण आहे ना आणि शिल्लक पुरेशी आहे ना, हे बँकेच्या ॲपवर पाहावे. क्रमांकपट्टी स्वच्छ ठेवावी. नाक्यावर तक्रार उद्भवल्यास १०३३ या महामार्ग मदतवाहिनीवर ती नोंदवावी. दुचाकीस्वारांना मात्र ही चिंता नाही. राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकीला टोल नसल्याने फास्टॅगही लागत नाही.

टॅग चिकटवण्याचे काम पाच मिनिटांचे आहे. ते घराच्या अंगणात उरकलेले बरे. खानिवड्याच्या नाक्यावर, मागे रांग लागलेली असताना, त्यासाठी पाच मिनिटे कोणी देत नाही.